खाण कंपनीचं वर्किंग कॅपिटल: ढिगाखाली काय आहे ते आधी बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात परत मांडतो. तुम्ही एक छोटी लोहखनिजाची लिस्टेड कंपनी बघताय. मार्केट कॅप साधारण ८०० कोटी, करंट अॅसेट्स (वर्षभरात पैसा होणारी मालमत्ता) ६२० कोटी, करंट लायबिलिटीज (वर्षभरात फेडायची देणी) २०० कोटी, म्हणजे दोन्हींतला फरक, वर्किंग कॅपिटल, ४२० कोटी आणि करंट रेशो ३.१, कर्ज जवळपास नाही. तुमचं म्हणणं असं की मार्केट कॅपच्या निम्म्याहून जास्त रक्कम तर नुसत्या वर्किंग कॅपिटलमध्येच आहे, मग जमीन, मशिनरी आणि खाणीचा पट्टा (सरकारकडून मिळालेला खणायचा हक्क) जवळजवळ अर्ध्या किमतीत मिळतोय, तर शेअर स्वस्त म्हणायचा का. दुसरं, तुमचा भाऊ पर्थला आहे, तो तिथल्या खनिजाचा शोध घेणाऱ्या छोट्या कंपन्यांचे शेअर घेतो आणि वर्किंग कॅपिटल सोडून काही बघतच नाही, त्याचं बरोबर का तुमचं.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी सरकारी बँकेत क्रेडिटला होतो, बावीस वर्षं, त्यातली बरीच नागपूर, चंद्रपूर, गोंदिया भागात. कोळसा वाहतूकवाले, मॅंगनीजवाले, ओबी (खनिजावरची माती आणि दगड) उपसणारे कॉन्ट्रॅक्टर अशा लोकांच्या सीसी म्हणजे कॅश क्रेडिट लिमिटच्या फायली माझ्याकडे असायच्या आणि दर महिन्याला त्यांची स्टॉक स्टेटमेंटं. शेअरमध्ये स्वतःचे पैसे २००६ पासून घालतोय. सेबीचा नोंदणीकृत सल्लागार नाही, त्यामुळे घ्या किंवा विका असं सांगणार नाही, पण मी हा आकडा कसा वाचतो ते मोकळेपणाने सांगतो.

तुमचा खरा प्रश्न करंट रेशो चांगला आहे का हा नाहीच. खरा प्रश्न असा की हे ४२० कोटी कुठल्या रूपात पडलेत, आणि त्यांचा रोख पैसा व्हायचा असेल तर मध्ये कुणाची सही लागते. कापडाच्या दुकानात माल विकायला गिऱ्हाईक लागतं, बस. खाणीत गिऱ्हाईक लागतंच, पण वाहतुकीचा पास लागतो, पर्यावरणाची मंजुरी चालू असावी लागते, रॉयल्टी आधी भरलेली लागते, रेल्वेचा रेक मिळावा लागतो आणि पट्टा शाबूत असावा लागतो. यातलं एक जरी अडलं तरी करंट अॅसेट हा नुसता नावाला करंट राहतो.

अर्थात हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, सगळ्या खाण कंपन्यांना एकच फूटपट्टी चालत नाही. चालू खाण आहे का अजून शोधकामच चालू आहे, सरकारी कंपनी आहे का खाजगी, माल स्वतःच्या कारखान्याला जातो का बाजारात विकतात, खनिज कुठलं, यावर उत्तर बदलतं. तुमच्या दोन प्रश्नांपैकी पहिला चालू खाणीचा आहे आणि दुसरा शोधकामाचा, म्हणून दोन्ही वेगवेगळे घेतो, पहिला जास्त लांब होईल.

सुरुवात मालापासून करतो कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. बँकेत असताना स्टॉक इन्स्पेक्शनला जायचो. स्टॉक स्टेटमेंटवर लिहिलेलं असायचं लोहखनिज अमुक हजार टन. साइटवर गेलं की समोर लाल मातीचे ढीग, टेप घेऊन लांबी रुंदी मोजायची, उंचीचा अंदाज, वरचा माथा सपाट का टोकदार त्याप्रमाणे घनफळ काढायचं, मग त्याला घनतेने गुणून टन. आता गंमत बघा, ढिगातलं सुटं खनिज एका घनमीटरला साधारण सव्वादोन ते अडीच टन भरतं, पण जमिनीत असताना तेच खनिज तीन टनाच्या वर जातं. एकदा एका पार्टीच्या हिशोबात मला तीन हा आकडा दिसला, मी २.४ ने परत केलं तर माल एकदम पाचवा हिस्सा कमी. कागदावर खोटं काहीच नव्हतं, लांबी बरोबर, रुंदी बरोबर, उंची बरोबर, एक गुणक तेवढा चुकीचा. पुढच्या महिन्यात पोकलेन बोलावून ढिगाच्या कडेला चर मारायला सांगितला तर दोन फुटांवर मुरूम लागला, म्हणजे ढीग उंचवट्यावर रचलेला होता आणि आम्ही मुरूमही खनिजात मोजत होतो. त्या दिवसापासून खाण कंपनीच्या बॅलन्सशीटमध्ये इन्व्हेंटरी म्हणजे मालसाठा हा शब्द वाचला की मला तो चर दिसतो.

मोठ्या कंपन्यांमध्येही मोजमापात थोडी सूट धरलेली असतेच. कोल इंडियाच्या हिशोबाच्या धोरणात उघड लिहिलेलं आहे की पुस्तकातला साठा आणि प्रत्यक्ष मोजलेला साठा यात पाच टक्क्यांपर्यंत फरक असेल तर पुस्तकातलाच आकडा धरायचा. यात वाईट काही नाही, लाखो टनांचा ढीग किलोपर्यंत कुणी मोजू शकत नाही. पण तुम्ही ते वाचलेलं पाहिजे.

मोजमापापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तो माल विकता येतो का. छोट्या लोहखनिज कंपन्यांच्या इन्व्हेंटरीत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र असतात. चांगला विक्रीयोग्य माल, कमी ग्रेडचा किंवा फाइन्सचा म्हणजे बारीक भुकटीचा वर्षानुवर्षं पडलेला ढीग, आणि स्टोअर्स म्हणजे डंपरचे टायर, बेअरिंग, क्रशरचे जबडे वगैरे. स्टोअर्स हे मशीन चालवायला आहेत, विकायला नाहीत, विकायला काढलेच तर भंगाराचा भाव. कमी ग्रेडचा ढीग भाव चढला की सोनं आणि भाव पडला की वाहतुकीचाही खर्च निघत नाही. २०२२ मध्ये हे डोळ्यांसमोर झालं, २१ मेला सरकारने जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवसापासून लोहखनिजावर ५० टक्के निर्यात शुल्क, पेलेटवर (भुकटीचे भाजून केलेले गोळे) ४५, त्यात ५८ टक्क्यांखाली लोह असलेला जो माल आधी शुल्काशिवाय बाहेर जात होता तोही सापडला. १९ नोव्हेंबरपासून ते मागे घेतलं, पण मधल्या सहा महिन्यांत निर्यातीवर चालणाऱ्यांच्या ढिगाची किंमत पुस्तकात एक आणि बाजारात दुसरी.

आणि विक्रीचा हक्कच गेला तर काय होतं ते गोव्यात झालं. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल आल्यावर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली. मांडवी आणि झुआरीच्या काठाला जेट्टीवर ढीग तसेच पडून. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात कोर्टाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून खाणकामाला वाट मोकळी केली, पण त्याच निकालात असंही म्हटलं की हे पट्टे २२ नोव्हेंबर २००७ लाच संपले होते, म्हणजे त्यानंतरचं खाणकाम बेकायदा, आणि त्या साठ्याच्या लिलावातून पट्टेधारकाला मिळणार तो उपशाचा अंदाजे खर्च, नफा नाही. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ ला ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि १६ मार्चपासून परत सगळं बंद. रॉयल्टी भरून काढून ठेवलेला माल हलवायची परवानगी मिळाली ती ३० जानेवारी २०२० ला. जवळजवळ दोन वर्षं. बॅलन्सशीटच्या व्याख्येत करंट म्हणजे साधारण बारा महिन्यांत किंवा धंद्याच्या एका चक्रात पैसा होणारी वस्तू, आणि इथे करंट अॅसेट दोन दोन वर्षं पाऊस खात पडलेला.

हे मी नुसतं वाचून सांगत नाहीये. २०१२ च्या सुरुवातीला मी एका निर्यात करणाऱ्या कंपनीचे शेअर घेतले होते, नाव देत नाही, अगदी तुमच्याच हिशोबाने घेतले होते, वर्किंग कॅपिटल मार्केट कॅपच्या साठ टक्के. बँकेत दुसऱ्याच्या ढिगात चर मारणारा मी, स्वतःचे पैसे घालताना इन्व्हेंटरीची नोट उघडूनही बघितली नाही. निम्म्याहून जास्त वर्किंग कॅपिटल ढिगात होतं. मुलीच्या इंजिनीअरिंगसाठी बाजूला ठेवलेल्या पैशातले सव्वादोन लाख त्यात होते, परत आले ते पंचाहत्तर हजार, तेही चार वर्षांनी. म्हणून तुमचा प्रश्न बघितल्यावर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आता येणी, म्हणजे विकलेल्या मालाचे ग्राहकांकडून यायचे पैसे. इथे उलटा धडा आहे, म्हणजे वाईट दिसणारं वर्किंग कॅपिटल खरं तर तेवढं वाईट नसतं. कोल इंडियाची येणी मार्च २०१९ ला साधारण साडेपाच हजार कोटी होती, मार्च २०२० ला १४,४०० कोटींच्या आसपास आणि मार्च २०२१ ला साडेएकोणीस हजार कोटींच्या वर. दोन वर्षांत तिपटीहून जास्त. त्यात कोविडमुळे विजेची मागणी घसरलेली, ऑक्टोबर २०२० च्या सुमाराला शेअर ११०-११५ ला आला होता, २०१० च्या आयपीओत तो २४५ ला दिला होता. भाव पडायला कारणं अनेक होती, कोळशाला भविष्य नाही म्हणून परदेशी फंड बाहेर पडत होते, सरकार अधूनमधून हिस्सा विकत होतं, पण येणी फुगलीत हे कारण प्रत्येक रिपोर्टात असायचं.

मी तेव्हा एकच गोष्ट बघितली, पैसे कोणाकडे अडकलेत. आमच्याकडचीच साखळी घ्या. शेतीपंपाचं बिल थकतं, म्हणून महावितरणकडे पैसा नाही, म्हणून ती महानिर्मितीला देत नाही, म्हणून महानिर्मिती कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरला जो कोळसा जळतो त्याचे पैसे वेकोलिला (कोल इंडियाची इथली कंपनी) लांबवते. ही साखळी मंद आहे, कंटाळवाणी आहे, पण तुटत नाही, कारण उद्या वीज बनवायला परत कोळसाच लागणार आणि तो देणारा एकच मोठा माणूस. ऑक्टोबर २०२१ मध्ये वीजकेंद्रांत चार दिवसांचा कोळसा उरला तेव्हा कोण कोणाच्या दारात उभं होतं ते सगळ्यांनी बघितलं. मार्च २०२२ ला येणी साडेअकरा हजारांच्या खाली आली होती. थकलेली येणी आणि बुडालेली येणी यात हा फरक आहे. त्याउलट छोट्या कंपनीची पन्नास कोटींची येणी जर चार स्पंज आयर्नवाल्यांकडे असेल आणि त्यातल्या दोघांचं स्वतःचंच बँक खातं डगमगत असेल, तर तिथे साखळी तुटायला एक महिना पुरतो, अशा फायली मी स्वतः एनपीए होताना बघितल्यात.

तेव्हा येणीचं वय शोधायला फार शोधाशोध करावी लागायची, आता सोपं झालंय. २०२१-२२ पासून कंपनी कायद्याच्या शेड्यूल तीनप्रमाणे येणीचा वयाचा तक्ता द्यावाच लागतो, सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन, आणि तीन वर्षांच्या वरची, शिवाय वादातली वेगळी आणि बिनवादाची वेगळी. करंट रेशोसुद्धा द्यावा लागतो आणि तो पंचवीस टक्क्यांहून जास्त हलला तर कारण लिहावं लागतं. ते कारण जरूर वाचा, दोनच ओळी असतात पण त्यात बरंच कळतं. कोळशात वादातली येणी म्हटली की बहुतेक वेळा ग्रेडचं भांडण असतं, कंपनी म्हणते माल या ग्रेडचा, तिसऱ्या संस्थेने नमुना तपासून खालचा ग्रेड सांगितलेला असतो, त्यातला काही भाग कायमचा सोडावाच लागतो.

रोख रकमेबद्दल लोकांना वाटतं की इथे तरी काही कापायला नको. पण कॅश अँड बँक बॅलन्सच्या खालची नोट उघडली की कळतं, त्यातली बरीच एफडी बँक गॅरंटीसाठी लीनमध्ये, म्हणजे बँकेने तारण म्हणून अडकवलेली असते. लिलावात घेतलेल्या पट्ट्यासाठी सरकारला गॅरंटी, वनखात्याला, रेल्वेला. कोळशात तर खाण बंद करायच्या खर्चासाठी दरवर्षी एस्क्रो खात्यात (त्याच कामासाठी राखून ठेवलेलं खातं) पैसे भरावे लागतात, २००९ च्या नियमांत मूळ दर उघड्या खाणीला हेक्टरी सहा लाख आणि भूमिगतला एक लाख होता, पुढे तो वाढत गेला. हा पैसा कंपनीच्या नावावर आहे, व्याजही मिळतं, पण तुमचा डिव्हिडंड त्यातून येणार नाही.

आणि समजा रोख खरंच मोकळी आहे, तरी तेवढ्याने शेअर चढतो असं नाही. आमच्या नागपूरची मॉयल घ्या. देशातली मॅंगनीजची सगळ्यात मोठी कंपनी, कर्ज नाही, बँकेत ठेवी, भंडारा, बालाघाट, नागपूर जिल्ह्यात खाणी. करंट रेशो बघून कुणीही प्रेमात पडेल. डिसेंबर २०१० ला ३७५ ला आयपीओ आला, २०१७ ला एकास एक बोनस, म्हणजे मूळ भाव १८७ रुपये ५० पैसे धरा. २०२२ मध्येही शेअर बराच काळ त्याच्या खालीच होता. बारा वर्षं. मधे डिव्हिडंड मिळाले, बायबॅकही झाले, पैसा वाया गेला असं नाही, पण नुसत्या रोकडीच्या जोरावर भाव वर गेला नाही, तो मॅंगनीजच्या भावाने आणि उत्पादन वाढेल या आशेने पुढच्या दोन वर्षांत गेला. रोख असली की कंपनी बुडत नाही, वाईट काळात तिला पायावर उभं राहता येतं, एवढी खात्री ती देते.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट आता सांगतो कारण ती कुठल्याच रेशोत दिसत नाही. उघड्या खाणीत आधी वरची माती आणि दगड काढावा लागतो, ओव्हरबर्डन, आपण ओबी म्हणतो, मग खाली खनिज. ओबी काढायला पैसा आज जातो आणि खनिज पुढच्या वर्षी मिळतं. एखाद्या कंपनीला वर्षअखेर चांगली दाखवायची असेल तर सोपा मार्ग म्हणजे ओबीच्या कॉन्ट्रॅक्टरला हळू चालायला सांगायचं आणि जे खनिज उघडं पडलंय तेवढंच उचलायचं. त्या वर्षी रोख वाढते, कॉन्ट्रॅक्टरचं देणं कमी दिसतं, करंट रेशो सुधारतो, नफाही छान. दोन वर्षांनी उचलायला उघडं खनिज नसतं आणि मग सगळी माती एकदम काढायला कर्ज घ्यावं लागतं. एका ओबी कॉन्ट्रॅक्टरची लिमिट माझ्याकडे होती, त्याच्या बिलांची रक्कम महिन्याला निम्म्यावर आली तेव्हा मला खाणवाल्याचा पुढचा वार्षिक अहवाल यायच्या आधीच अंदाज आला होता. म्हणून करंट रेशो सुधारलेला दिसला तर त्याच वर्षाचा ओबी उपसा आणि उत्पादन यांचं प्रमाण आधीच्या तीन वर्षांशी ताडून बघा. कंपनी ओबीचा आकडाच देत नसेल तर कॉन्फरन्स कॉलमध्ये विचारा, प्रश्न पाठवला तर बऱ्याच कंपन्या उत्तर देतात.

देण्यांकडे आलो तर सगळी देणी सारखी जड नसतात. ग्राहकाचा अॅडव्हान्स हे देणं आहे पण ते मालाने फेडायचं असतं, ज्या कंपनीला लोक आधी पैसे देऊन माल मागतात तिचं वर्किंग कॅपिटल उणे असलं तरी मी घाबरत नाही. रॉयल्टी आणि त्यावरचा जिल्हा खनिज निधी, जुन्या पट्ट्याला रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावातल्या पट्ट्याला १० टक्के, हे मात्र लांबवता येत नाही, लांबवलं तर वाहतुकीचे पासच बंद. लिलावातल्या पट्ट्यावर राज्याला द्यायचा प्रीमियम वेगळा, २०२० च्या ओडिशाच्या लिलावांत काहींनी तो सरकारी सरासरी विक्री किमतीच्या शंभर टक्क्यांच्याही वर बोलला होता, अशा खाणीत माल विकून हातात काय उरतं ते आधी बघावं लागतं, वर्किंग कॅपिटल नंतर.

खरं जड देणं तर बॅलन्सशीटमध्ये नसतंच, ते कंटिंजंट लायबिलिटीच्या, म्हणजे अजून नक्की न झालेल्या पण अंगावर येऊ शकणाऱ्या देण्यांच्या नोटमध्ये असतं. ओडिशातल्या ज्यांनी पर्यावरण मंजुरीपेक्षा जास्त खनिज काढलं त्यांना सुप्रीम कोर्टाच्या २ ऑगस्ट २०१७ च्या निकालाने त्या मालाची पूर्ण किंमत त्याच वर्षअखेरीपर्यंत भरायला लावली. तोपर्यंत ती रक्कम बहुतेकांच्या पुस्तकात नुसती वादातली मागणी होती. २५ जुलै २०२४ ला नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आठ विरुद्ध एक असा निकाल दिला की राज्यांना खनिजाच्या हक्कावर कर लावता येतो, आणि १४ ऑगस्टला सांगितलं की १ एप्रिल २००५ पासूनचा मागता येईल, भरायचा मात्र १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांच्या हप्त्यांत. म्हणजे ज्या राज्याने असा कायदा केलेला आहे तिथल्या कंपनीचं आजचं वर्किंग कॅपिटल कितीही छान असो, पुढच्या बारा मार्चअखेरींना त्यातून काहीतरी जाणार. तुमची कंपनी कुठल्या राज्यात खणते ते तुम्ही लिहिलं नाहीये, ते आधी बघा.

आता तुमच्याच आकड्यांवर मी काय केलं असतं ते सांगतो. तुम्ही ६२० कोटींची जी फोड दिलीये ती अशी: इन्व्हेंटरी २६०, येणी १९०, कॅश आणि बँक ११०, इतर ६०. इन्व्हेंटरीत ९० कोटी स्टोअर्स, मी पाव धरतो, २२. खनिज १७० चं, त्यातलं १०० कोटींचं कमी ग्रेडचं आणि तुम्हीच लिहिलंय की तीन वर्षं तोच आकडा दिसतोय, ते मी शून्य धरतो, विकलं गेलं तर आनंद. उरलेलं ७० पूर्ण. येणीत सहा महिन्यांच्या आतली १०५ पूर्ण, सहा महिने ते वर्ष २५ त्यातली निम्मी म्हणजे १२, वर्षाच्या वरची ६० शून्य, त्यातली ४० तर वादातच आहे. बँकेत ९० दिवसांच्या वरची उधारी आम्ही लिमिटसाठी धरतच नव्हतो, त्या मानाने मी इथे सैल हाताने धरतोय. कॅशमधली ५५ लीनमध्ये, म्हणजे मोकळी ५५. इतर ६० मध्ये सरकारकडे भरलेले अॅडव्हान्स आणि जीएसटी क्रेडिट, २० धरतो. बेरीज २८४. देणी २०० पूर्ण धरली तर हातात ८४ कोटी.

४२० चे ८४ झाले, करंट रेशो ३.१ वरून १.४ वर आला. वाईट नाहीये बरं का, जुन्या टंडन समितीच्या हिशोबाने बँका १.३३ मागायच्या आणि तेवढा तो आहेच, कंपनी बुडणारी वाटत नाही. पण मार्केट कॅपच्या निम्म्याहून जास्त म्हणत होता ते जेमतेम दहा टक्क्यांवर आलं. म्हणजे शेअर स्वस्त ठरवायचा असेल तर वर्किंग कॅपिटलवरून ठरणार नाही, पट्ट्याची किती वर्षं उरलीत, ग्रेड काय, टनामागे किती सुटतं यावरच ठरवावा लागेल, जसा बाकी कुठल्याही खाणीचा ठरवतात. माझे टक्के तुम्हाला कडक वाटतील तर तुमचे लावा, तोंडओळखीची माणसं असतील तिथे तर थेट विचारा की तो जुना ढीग कुठल्या ग्रेडचा आहे. आणि एकाच तारखेवर जाऊ नका. खाणीचा धंदा पावसाळ्यावर चालतो, मार्चअखेर ढीग सगळ्यात मोठा आणि सप्टेंबरअखेर सगळ्यात लहान, त्यामुळे ३१ मार्च आणि ३० सप्टेंबर या दोन्ही बॅलन्सशीट शेजारी ठेवा. सप्टेंबरला माल कमी झाला आणि तेवढी रोख किंवा ताजी येणी वाढली तर माल खरंच विकला जातोय. माल तसाच राहिला, तर ढिगाकडे परत संशयाने बघायचं.

तुमच्या भावाचं. तो ज्या कंपन्या घेतो त्यांना विक्रीच नाही, ना ढीग ना येणी, फक्त बँकेतली रोख आणि ड्रिलिंगवाल्याची बिलं. तिथे वर्किंग कॅपिटल म्हणजे श्वास किती महिने पुरेल एवढंच, आणि त्याचं तेच बघणं बरोबर आहे. ऑस्ट्रेलियात अशा कंपन्यांना दर तिमाहीनंतर महिन्याच्या आत अपेंडिक्स ५बी नावाचा रोख रकमेचा तक्ता एएसएक्सला (तिथला शेअर बाजार) द्यावा लागतो, त्याच्या आठव्या भागात सरळ लिहिलेलं असतं की आहे त्या पैशात आणखी किती तिमाह्या निघतील, आणि दोनपेक्षा कमी असतील तर पैसा कुठून आणणार याचं उत्तर तिथेच द्यावं लागतं. त्याला सांगा की दोनच्या जवळ आलेल्या कंपनीत नवीन शेअर बाजारभावाच्या खाली विकले जाण्याची शक्यता जास्त, त्याचा हिस्सा पातळ होणार, म्हणून मागच्या तीन वर्षांत शेअरची संख्या किती वाढली तेही त्या तक्त्याशेजारी ठेवून बघ. खर्चात ड्रिलिंग किती आणि ऑफिस व पगार किती हेही त्याच कागदावर आहे. पैसा जमिनीत जाण्याऐवजी ऑफिसात जास्त जात असेल तर तिमाह्या कितीही असोत मी हात लावत नाही.

तुमच्या कंपनीचा सप्टेंबरचा निकाल नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत येईल, त्यात सहामाही बॅलन्सशीट आणि कॅश फ्लो दोन्ही असतात. मी तुमच्या जागी असतो तर तोवर थांबलो असतो. आला की इन्व्हेंटरी, येणी आणि लीनमधली एफडी हे तीन आकडे इथेच टाका, आणि राज्य कुठलं तेही लिहा, आपण परत बसून बघू.